गॅलनला अठ्ठ्याहत्तर मैल

सोमवार, २ फेब्रुवारी

नवी वही. यात फक्त व्हॅनचं ॲव्हरेज लिहायचं, दुसरं काही नाही. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय, गॅलनला बावन्न मैल. बघूच.

नर्स येऊन माझ्या बायकोला, इशबेलला तपासून गेली. सगळं ठीक आहे म्हणाली. बाळाची तारीख २० एप्रिल. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "रॉडी, तुझ्याकडे एकच काम. टाकी भरलेली ठेव. इथून, नेस गावापासून, हॉस्पिटल सत्तावीस मैल आहे, त्यातला अर्धा रस्ता माळावरचा. बाकी आम्ही बघतो."

मी हसलो. घाबरण्यासारखं काही नाहीच. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात जे झालं त्याबद्दल या वहीत लिहायचं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पहिला आठवडा. गिरणीतून सुताची पोती उचलली, विणकरांच्या घरोघरी टाकली, विणलेले तागे परत आणले. दोनशे मैल. ॲव्हरेज चव्वेचाळीस.

इशबेलला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, आता रजेवर आहे. म्हणाली, गॅलन किती लिटरचा धरलास? म्हटलं, पाच. म्हणाली, साडेचार असतो. मी शेडमधून कॅन आणून दाखवला. अख्खं बेट याला गॅलनचा कॅन म्हणतं आणि त्यावर छापलंय पाच लिटर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती म्हणाली, "मग चाळीसच पडतं रे." आणि चहा करायला गेली.

चव्वेचाळीस.

सोमवार, ९ फेब्रुवारी

निश्चय:

१. स्पेअर चाक काढून शेडमध्ये ठेवणे. उगाच ओझं.
२. जॅकही.
३. उतारावर न्यूट्रल.
४. टाकी कधीही पावच्या वर भरायची नाही. डिझेललाही वजन असतं. लोक टाकी फुल्ल करतात आणि मग तेच डिझेल वाहून न्यायला डिझेल जाळतात. हे कुणाच्या लक्षातच येत नाही!

इशबेलला चौथा मुद्दा समजावला. ती नुसती पोटावर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "नर्स काय म्हणाली होती?" म्हटलं, नर्सला गाड्यांतलं काय कळतं. ती म्हणाली, "रॉडी, मला त्या माळाची भीती वाटते." मी म्हटलं, भीती अज्ञानातून येते. आकडे माहीत असले की भीती राहत नाही.

मला नाही वाटत. मला आकडे माहीत आहेत.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

इशबेलला सहज विचारलं, सध्या वजन किती. ती बाजूच्या सीटवर बसते, तर हिशेबात धरायला हवं. त्यात बाळाचं वेगळं मिळालं तर उत्तम.

रात्री खारा हेरिंग आणि बटाटे. ताट ठेवलं नाही, आदळलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पंपावर संध्याकाळी तीच रांग. उद्या रविवार, पंप बंद, दुकानं बंद, सगळं बंद, म्हणून गावातला प्रत्येक जण शनिवारी टाकी गळ्यापर्यंत भरणार आणि चर्चला जाऊन परत येणार. एकूण दोन मैल! मी रांगेच्या शेजारून न्यूट्रलमध्ये गेलो. हात केला.

घरी एवेन आलेला. इशबेलचा धाकटा भाऊ, बंदरावर त्याची खेकडे धरायची होडी आहे. बहीणभाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते, मी आल्यावर गप्प. मग एवेन शेडकडे काहीतरी शोधायला गेला. बराच वेळ शोधत होता. डिझेलचा वास घेऊन आला, पण तो त्याला नेहमीच येतो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काटा शनिवारी होता त्याच्या किंचित वर! विचार केला. थंडीत काटा आखडतो, व्हॅन दोन रात्री स्वस्थ उभी राहिली की खरी पातळी दाखवतो. म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा कमी जळतंय.

शनिवार, २१ फेब्रुवारी

छप्पन्न.

दोनदा गुणाकार केला. छप्पन्न! पुस्तिकेपेक्षा चार जास्त. स्पेअर चाक, दुसरं काही नाही.

काल पहाटे जाग आली. इशबेल झोपेत कण्हली. फक्त कूस बदलत होती. मी उठून खाली गेलो आणि जानेवारीची सगळी बिलं काढून जुनी ॲव्हरेज मांडली. सहा वाजेपर्यंत. खूप बरं वाटलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

अठ्ठावन्न. कंपनीला पत्र लिहिलं: "आपल्या पुस्तिकेतील आकडा आपल्याच गाडीवर अन्याय करणारा आहे." पद्धत सविस्तर कळवली. इशबेल म्हणाली, नको पाठवू. का, विचारलं. म्हणाली, झाकली मूठ बरी असते. काही कळलं नाही. टाकलं पोस्टात.

बुधवार, ११ मार्च

इशबेलला तपासणीसाठी हॉस्पिटलात, स्टॉर्नोवेला नेलं. गावाच्या तोंडाशी कस्टमवाले उभे. गाड्या थांबवून टाकीत नळी घालतात आणि रंग बघतात. होड्यांना आणि ट्रॅक्टरना मिळतं ते लाल डिझेल, त्यावर कर नाही, ते रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर दंड. मी काच खाली केली आणि स्वतःहून म्हटलं, "तपासा साहेब, अवश्य तपासा. आणि ॲव्हरेज पण विचारा."

तेवढ्यात इशबेलने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. साहेबाला म्हणाली, "मला कळा येतायत बहुतेक." साहेब पांढराफटक पडला आणि दोन्ही हातांनी जा जा म्हणाला.

माझे पाय पेडलवर थरथरत होते. न्यूट्रल वगैरे विसरलो. हॉस्पिटलच्या दारात ती म्हणाली, "थांबल्या वाटतं."

नर्स म्हणाली, सगळं उत्तम. मी बाहेर बाकावर अर्धा तास बसून होतो. मागच्या वेळी याच बाकावर बसलो होतो.

थरथर थंडीमुळे.

शनिवार, २१ मार्च

अठ्ठ्याहत्तर!!

हा आकडा लिहितानाही भीती वाटते, पण चांगली भीती. गिरणीत सांगितलं. कुणी काही बोललं नाही. आदराने.

संध्याकाळी एवेनला सांगितलं. त्याला ठसका लागला. इशबेलने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, जरा जोरातच. मग त्याला म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी." बहुधा तो होडी नीट धूत नाही त्याबद्दल.

शनिवार, ४ एप्रिल

एवेन दोन दिवसांपासून मुख्य भूमीवर, होडीच्या इंजिनाचा सुटा भाग आणायला गेलाय. सोमवारी येणार. इशबेल सकाळपासून अस्वस्थ. तीन वेळा म्हणाली, "आज डिझेल भरून आण." तिसऱ्यांदा म्हणाली, "रॉडी, मी हात जोडते."

तिला कागदावर मांडून दाखवलं. काटा लाल पट्टीच्या वरच्या कडेला आहे. अठ्ठ्याहत्तरने धरलं तर साठ मैल सहज. हॉस्पिटल सत्तावीस. बाळ वीस तारखेला. अजून दोन शनिवार मध्ये आहेत ना?

ती रडली. या दिवसांत बायका हळव्या होतात. मी तिला जवळ घेतलं.  पंप बंद व्हायला दहा मिनिटं होती. रांग मोठी होती.

रविवार, ५ एप्रिल, सकाळी ११

रविवारी लिहायचं नसतं. लिहितोय. कळा सुरू झाल्या. खऱ्या. नर्सचा फोन नुसता वाजतोय, ती चर्चमध्ये. सगळे चर्चमध्ये. इशबेल म्हणते ॲम्ब्युलन्स बोलव. म्हटलं, ॲम्ब्युलन्स येणार सत्तावीस आणि जाणार सत्तावीस, आपलं फक्त जायचं. निघतोय. बॅग घेतली. वही घेतली.

११:५५

माळ. बारवस गाव सोडून चार मैल. व्हॅन बंद. आधी दोन आचके, मग शांत.

चढावर बंद पडली, न्यूट्रलचाही उपयोग नाही.

इशबेल मागे सुताच्या पोत्यांवर आडवी. सोमवारी द्यायची होती ती पोती. ऊबदार आहेत म्हणते. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२:१०

कुणी नाही. फोनला रेंज नाही. दोन्हीकडे नुसता काळा माळ आणि वारा. रविवारी या रस्त्याने कोण येणार? जे येतील ते चर्च सुटल्यावर. दीड वाजता.

दर सात मिनिटांनी कळ. हातात वही आहे कारण दुसरं काय धरायचं कळत नाही.

काटा तळाला, म्हणजे आठवड्याला धरलेलं सगळं जळालं, म्हणजे ॲव्हरेज

इशबेल ओरडली, "रॉडी, लिहू नकोस, हात दे!"

१२:५०

पाच मिनिटांनी.

देवा, मी शेडमधलं स्पेअर चाक परत लावीन. जॅकही. टाकी कायम भरीन. या वेळी असं करू नकोस. या वेळी नको.

सोमवार, ६ एप्रिल, स्टॉर्नोवे, हॉस्पिटल

मुलगी. सात पौंड दोन औंस. दोघी ठीक. तीनदा विचारलं, तीनदा ठीक म्हणाले.

पुढचं लिहून ठेवतो. पावणेदोनला एक काळी गाडी आली. बारवसचे डोनल्ड अँगस, म्हातारे विणकर आणि चर्चचे एल्डर, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, स्टॉर्नोवेच्या दुपारच्या प्रार्थनेला निघालेले. रविवारी चर्चखेरीज गाडी चालवणं त्यांना पाप वाटतं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. उतरले, हॅट काढली, मागे डोकावले, इशबेलला बघितलं. मला वाटलं, आता प्रार्थना. केलीच. उभ्या उभ्या. लांबलचक. इशबेल आतून ओरडली, "काका, बाकीची गाडीत करा!"

त्यांनी कधी तिशीच्या वर गाडी नेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. माळावर काटा सत्तरला होता. "देव माफ करील, पोरी, घट्ट धरून बस," म्हणत होते. मी पुढे बसलेलो. तोंडातून काय निघावं? "काका, गाडी ॲव्हरेज किती देते?"

त्यांनी रस्त्यावरून नजर न काढता म्हटलं, "कुणी मोजलंय, बाळा? शनिवारी भरतो, रविवारी असते."

हॉस्पिटलात पोचल्यावर अठरा मिनिटांत झालं. अठरा! माळावर अजून तेवढा वेळ गेला असता तर, हे वाक्य मी आज दिवसभर पुरं करू शकलेलो नाही.

बुधवार, ८ एप्रिल

एवेन भाचीला बघायला आला. तिला उचललं, नाक कुणासारखं ते ठरवलं, आणि मग सहज बहिणीला म्हणाला, "गेल्या शनिवारी मी नव्हतो, मग टाकीत कुणी ओतलं?"



इशबेल खिडकीकडे बघायला लागली. एवेन माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, याला अजून सांगितलं नाहीस?"

मग सगळं निघालं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर शनिवारी एक कॅन. इशबेल नववा महिना लागेल म्हणून घाबरायला लागली तेव्हापासून दोन, एकदा तीन. होडीचं लाल डिझेल. कस्टमवाल्यांच्या समोर मी छाती काढून बसलो होतो तेव्हा टाकीत निम्मं तेच. मी विचारलं, पकडलो असतो तर? इशबेल म्हणाली, "दंड भरला असता. माळावर बाळ नको होतं मला."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

म्हणाली, "सांगितलं. तीनदा सांगितलं. हात जोडले. तू घाबरलास की गणितं करतोस, रॉडी. मी घाबरले की एवेनला सांगते. घरात कुणीतरी डिझेल भरायला नको?"

बाहेर जाऊन त्याच बाकावर बसलो. सगळे कॅन धरले, गॅलन साडेचारचा धरला. अडतीस. माझा दोन महिन्यांचा सगळा पराक्रम वगळून, व्हॅन गॅलनला अडतीस मैल देते. स्पेअर चाक काढण्याआधी चाळीस देत होती.

कंपनीला पाठवलेलं पत्र कसं परत मागवायचं, ते कळत नाही.

आत गेलो आणि इशबेलला म्हटलं, मला भीती वाटत होती. फेब्रुवारीपासून. मागच्या वर्षापासून. अजूनही वाटते. ती म्हणाली, "माहीत आहे रे. अख्ख्या नेसला माहीत आहे." आणि मुलगी माझ्या हातात दिली. मी हलायलाही घाबरत होतो. ती माझ्या अंगावर बिनधास्त झोपली, तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

उद्या सुट्टी देणार. एवेनने व्हॅन माळावरून आणलीय, टाकी गळ्यापर्यंत भरलीय, पंपावरच्या, कर भरलेल्या पांढऱ्या डिझेलने. घरी जाताना तो चालवणार, इशबेल आणि मुलगी पुढे. मी मागे, पोत्यांवर. हे कधी ठरलं माहीत नाही. मला विचारलं नव्हतं.