दुसरा दगड

१० नोव्हेंबर
आरती सूर्यभान आहेर, राजूरमार्गे मी आज पठारावर सुखरूप पोहोचलो, हे तुला कळविताना आनंद होतो. तुझ्या आजारपणामुळे राहून गेलेली थोरल्या माथ्याची वाट उद्या चालेन. खोली स्वच्छ आहे. घरमालकीण मुक्ताबाई यांनी नागलीची भाकरी वाढली. येथे झाड नाही. केवळ गवत आणि अखंड वारा. त्यांचे पती पुंजाराम म्हणाले, "सर, हितला वारा म्हंजी बायको. बोलू द्यायचं, मधी तोंड घालायचं न्हाई." मुक्ताबाईंनी त्यांना चुलीतले लाकूड दाखविले. फार दिवसांनी हसलो.

११ नोव्हेंबर
येथील रिवाज असा : माथ्यावर जाणाऱ्याने पायथ्याच्या कट्ट्यावर आपले नाव घेऊन एक दगड ठेवावा आणि उतरल्यावर तो काढून टाकावा. धुक्यात कोणी वर अडकल्यास गावाला समजते. व्यवस्था उचित वाटली. मी दोन ठेवले. दुसरा तुझे संपूर्ण नाव उच्चारून. माथ्यावर वाऱ्याने उभे राहू दिले नाही, तरी तुझ्याशी बोललो. परतताना माझा दगड काढला. तुझा काढवला नाही.

१२ नोव्हेंबर
सकाळी मुक्ताबाईंनी दोन कप चहा ठेवला. काल माझ्यामागून उतरलेल्या बाईसाहेब अंगणातच का उभ्या आहेत, असे त्यांनी विचारले. अंगणात कोणी नव्हते. मी एकटाच आल्याचे व दुसऱ्या दगडाचे सांगताच त्यांच्या हातातला कप पडला. गेलेल्या माणसाचा दगड ठेवीत नसतात, त्या म्हणाल्या. "डोंगराला मान्सं मोजून सांगायची असत्यात, सर. तुमी दोन सांगितली. त्यानं दोन धाडली." दगड आजच काढा, असा त्यांचा आग्रह. मी नकार दिला. तू आली असशील, तर तुला परत कसे पाठवू?

१३ नोव्हेंबर
पुंजारामांनाही तू दिसतेस. आता ओट्यावर आहेस म्हणे. केवळ मलाच दिसत नाहीस. पातळाचा रंग विचारला. हिरवा. तुला अखेरचे हिरवेच नेसविले होते. एवढ्या वाऱ्यातही पदर हलत नाही, असे मुक्ताबाई म्हणाल्या. चेहऱ्याविषयी विचारले, तेव्हा त्या उठून आत गेल्या.

१४ नोव्हेंबर
आज मुक्ताबाई रडल्या. "तोंडच न्हाई हो तिला. पातळ तुमच्या बाईचं आसंल, आत कोन हाय ते देव जानं." कट्ट्यावर गेलो. दगडाला हात लावला. मागून कोणी माझे नाव घेतले — संपूर्ण नाव. तू जन्मात कधी माझे नाव घेतले नाहीस. तरी आवाज — आवाज तुझाच. दगड तसाच —

१५ नोव्हेंबर
ती रात्रभर उशाशी होती. श्वास नव्हता. गारवा होता.
एकदा पाहू दे. चेहरा नसला तरी —
माथ्यावर जातो. माझाही दगड ठेवीन. काढण्यास येणार नाही.
दाराला कुलूप लावले. किल्ल्या मुक्ताबाईंना परत केल्या. त्यांनी घेतल्या — माझ्या हातून नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या हवेतून —