कातड्याच्या चेंडूसाठी

बाबा,

पुलाच्या कामावरून धडधाकट उतरून ऑर्विल तुमच्या पायाशी येऊन बसलाय, असं समजून वाचा.

आईचं पत्र मिळालं. तुमचं दुखणं हटावं म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे रविवारी गावाने लॅक्रॉसचा खेळ ठेवलाय. मी मुकादमाला म्हटलं, "रजा दे, नाहीतर मी चाललोच." दिली मुकाट्याने.

इथे रबरी चेंडू झेलून-फेकून माझ्या लॅक्रॉसच्या काठीच्या टोकाची वाद्यांची झोळी फार खोल झाली होती. माझ्यासोबत पुलावर काम करणारा मिचेल म्हणाला, "तशीच ने की!" पण तुमच्या खेळाला हरणाच्या कातड्याचा चेंडू. तो खोल झोळीत अडकतो आणि फेकला की पायाशीच पडतो. म्हणून वाद्या सोडल्या, भिजवल्या, ताणून पुन्हा विणल्या. तीनदा. फेकून बघायला फाटक्या हातमोज्यात चिंध्या कोंबून तसाच मऊ चेंडू केला. आता सरळ सुटतो.

तुमच्या हातच्या गाठी सोडताना जीव खालीवर झाला. ओरडायचं तर समोर ओरडा.

आईची मक्याची भाकरी जाते ना घशाखाली?

खेळ झाल्यावर रिवाजाप्रमाणे चेंडू तुमच्याकडेच राहील. पण नुसता उशाशी ठेवायचा नाही. अंगणात उभं राहून माझ्याकडे फेकायचा. मी झोळी धरून थांबेन.

तुमचाच हट्टी,
ऑर्विल