पकडीत धरलेली दाढ

बुधवार संध्याकाळ, वलवण

आज मी सलीमच्या नाकावर डोकं हाणलं. सख्खा धाकटा भाऊ. रक्त भळाभळा वाहिलं आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

तोंडाच्या कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली तेव्हापासून थुंकी आटली आहे. दात मुळाशी काळे पडून तुटतात. खालची दाढ तर झोपूच देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, लाईट लागलेलं हाड भरून येत नाही, सडतं. सगळं ठाऊक होतं. तरी दुपारी वायरिंगच्या पिशवीतली पक्कड काढली, दाढ धरली आणि पिरगाळली.

माझी किंकाळी ऐकून सलीम आला. त्याने मनगट धरलं. मी लाथा घातल्या, डोकं हाणलं. शेवटी तो छातीवर बसला.

"भाई, दाढ नाही, जबडा जाईल."

"जाऊ दे."

"मग आधी मला मार."

मी मूठ उगारली. खरंच उगारली. कुणाला मारायचं होतं मला? त्या दाढेला?

त्याने पक्कड हिसकावली आणि बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दाढेला हात लावू नका, सकाळी घेऊन या, हाड बघूनच ठरवू.

आत्ता तो मला पातळ खिमट भरवत होता. नाकात कापूस कोंबलेला.

"माफ कर," मी म्हणालो.

"गिळ आधी," म्हणाला.