फुलावर आलेला वाफा

सैक, जबल अख्दर
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

प्रिय अमीरुन्निसा,

अस्सलामु अलैकुम. अल्लाच्या मेहरबानीने माझी तब्येत ठीक आहे. तुमची खुशाली आफरीनच्या मेसेजवरून कळते. तू फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र लिहितो आहे. मस्कतच्या हमरियात दुकान असलेले आपल्या गावचे हसनभाई सोमवारच्या विमानाने निघालेत, त्यांच्या हाती देईन. हातातलं काम टाकून वाचू नकोस. जेवण उरकून, पडवीत बसून वाच.

बुधवारी सकाळी फजर पढून मी बाहेर आलो. गवतावर दव दाटून पांढरं बसलं होतं. खुंटीचा विळा काढला, पाटाकडेच्या दगडावर घासला, अंगठ्याने धार पाहिली, आणि परत खुंटीला टांगून ठेवला. मग गाढवाला चारा घालायला गेलो. त्याला मघाशीच घातला होता. तेही माझ्याकडे बघत राहिलं.

इथे आता थंडी मोडते आहे. जर्दाळूचा फुलोरा गळून बोराएवढी हिरवी फळं धरलीत. डाळिंबाला लाल पालवी आहे. गुलाबाला कळ्या सुटल्यात, डोंगरातल्या शेतांच्या खालच्या पायऱ्यांवर थोडी तोडणीही सुरू झाली. ऊन चढायच्या आत लोक ओच्यात फुलं गोळा करतात, आणि दुपारी मातीच्या भट्ट्यांवर गुलाबपाणी निघायला लागतं तेव्हा सगळ्या गावाला धुराचा आणि गुलाबाचा एकत्र वास येतो. खाली मस्कतला लोक आत्ताच एसी लावून बसलेत, आणि मी अजून रात्री दोन रजया घेतो. मुजम्मिल पहिल्यांदा इथे आला तेव्हा म्हणाला होता, "अब्बा, हा ओमान नाहीच. हा कुठला तरी दुसरा मुलूख डोंगरावर आणून ठेवलाय."

दुक्मच्या बंदरावरचं कंत्राट संपवून तो माझ्याकडे आला ते तुला आठवत असेल. तिथे नुसती वाळू, लोखंड आणि पुरुष. इथे येऊन त्याला मातीचं वेड लागलं. मोबाईलवर थंड मुलखातल्या माणसांच्या बागा बघत बसायचा. एक दिवस माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"अब्बा, तुम्ही जमिनीला मारता."

"मग काय मुके घेऊ?"

"नांगरायचं नाही, खणायचं नाही, भाजायचं तर मुळीच नाही. वरून झाकायचं. बाकीचं आतले किडेमुंग्या करतात."

मी हसलो. राब भाजून, चिखल करून शेती केलेल्या बापाचा मी मुलगा. पण त्याने मधली पायरी मागून घेतली आणि दुकानांतून पुठ्ठ्याची खोकी गोळा करून जमिनीवर पसरली. त्यावर शेळ्यांच्या लेंड्या, त्यावर जवाचं काड. आमचे मालक, अर्बाब खलफान, काठी टेकत आले. पंचाहत्तरीचा माणूस, असलं काही बघितलेलं नाही.

"सादिक, तुम्हारा बेटा मजनून है. जमीन को कंबल ओढ़ाता है."

"बाबा, ठंडी में आप भी तो ओढ़ते हो," मुजम्मिल म्हणाला.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून रोज सकाळी येऊन विचारायचा, "जमीन उठा? कि अभी सोता है?"

मग ऑक्टोबरात मुजम्मिलने त्या कांबळ्याला बोटाने भोकं पाडून बाकिला टोकला. आपल्या पावट्याच्याच जातीचा, पण दाणा अंगठ्याच्या नखाएवढा. हा पिकवून खायचा नव्हता. मातीला खाऊ घालायचा होता. त्याचा बेत असा: थंडीभर बाकिला वाढू द्यायचा, फुलावर आला की मुळं जमिनीत ठेवून वरून कापायचा, कापलेलं तिथेच अंथरायचं, आणि त्यात गुलाब लावायचा. गुलाबाची कलमंही त्यानेच केली. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून त्यात काड्या खोचल्या आणि भिंतीच्या आडोशाला ओळीने मांडल्या.

"फुलावर आल्यावर कापायचं," मला म्हणाला. "दाणा धरू द्यायचा नाही. दाणा धरला की सगळं बळ दाण्यात जातं, मातीला काही राहत नाही. तेव्हा जीव घट्ट करा, अब्बा. तुम्हालाच जड जाईल."

तो हसत होता. त्याला काय ठाऊक.

बाकिला वीतभर झाला होता तेव्हा तो काडाच्या पेंढ्या आणायला पिकअप घेऊन खाली गेला. वर ढग होते, खाली ऊन होतं. वाटेतली कोरडी नदी, इथली वादी, वर्षभर नुसती दगडांची असते. ती त्या दिवशी कशी आली, किती आली, ते मी तुला फोनवर एकदा सांगितलंय. पुन्हा लिहीत नाही.

ईदच्या दिवशी आपण बोललो तेवढं मात्र लिहायला हवं, कारण त्यानंतर तू बोललेली नाहीस. रोजच्यासारखं तू आधी म्हणालीस, "वाफा दाखवा." मी फोन फिरवला. वाफा कमरेएवढा, फुलांनी भरलेला. पांढरी फुलं, पाकळीवर काळा ठिपका, जणू डोळा. मधमाश्यांचा आवाज तुझ्यापर्यंत पोहोचत होता. तू आफरीनला हाक मारलीस, "ये ग, भाईचं शेत बघ किती फुललंय." तेव्हाच मी बोलायला नको होतं. पण बोललो.

"अमीरून, हे आता कापायला हवं."

"कापायला?"

"फुलावर आलंय. त्यानेच सांगितलं होतं."

तू म्हणालीस, "माझ्या पोराचं तोंड मला बघायला मिळालं नाही. माती द्यायला मी नव्हते. त्याच्या हातचं तेवढंच उगवलंय. पिकू दे ते. बी धरा, परत पेरा, दरसाल पेरा. पण तुम्ही त्याला विळा लावलात, तर माझ्याशी बोलू नका."

आणि फोन ठेवलास.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही तेच वाटत होतं. या महिन्यांत तू मला कबर दाखवा असं एकदाही म्हणाली नाहीस, वाफाच मागितलास, आणि मी वाफाच दाखवला. आपण दोघांनी न बोलता तसं ठरवूनच टाकलं होतं. मी दर जुम्म्याला नमाजेनंतर खाली कबरस्तानात जातो, हेही मी तुला सांगितलं नाही. तिथे नाव नाही. इथली रीत तशी आहे. उशाशी एक दगड, पायथ्याशी एक. मी दगडाच्या कडेला बसून यासीन पढतो आणि परत येतो. दफनाच्या दिवशी अर्बाब खलफान स्वतः कबरीत उतरले होते. मी म्हटलं, "बाबा, तुमचं वय..." तर म्हणाले, "सादिक, चुप. ये मेरा भी बच्चा." मी तीन मुठी माती दिली. खणून वर काढलेली ती माती कोरडी, पांढरी होती, दगडांची. त्यानंतर मी मातीत हात घातला नाही. पाणी देतो, छाटणी करतो, गुलाब तोडतो. पण हात मातीत जात नव्हता. अर्बाबनी ते पाहिलं असावं.

पण डबे वाढत होते, अमीरून. रमजानमध्ये एक डबा उचलला तर खालच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली, आणि बाहेर जागा नाही म्हणून परत डब्याभोवती वळलेली. पानं पिवळी पडायला लागलेली. गरमी वाढली की ती काही वाचणार नाहीत. बाकिला त्याने पेरला तशी कलमंही त्यानेच केलीत. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला जागा नाही.

अर्बाबनी रमजानमध्येच वाट काढून बघितली. "दूसरा जगह देता. मशीन से खोद के देता. तुम इसको हाथ मत लगाओ." त्यांनी वरची पायरी नांगरून दिली. मला केवढं बरं वाटलं! कोणालाच कापायला नको. तिथे मी तीन कलमं लावली, म्हणजे काठीने खड्डा करून ढकलली. त्या मातीला जीव नव्हता. पाणी घातलं की वर पापडी धरायची, उन्हाने फाटायची. तिन्ही वाळली. त्यांच्या काड्या काढल्या आणि कोणाला न सांगता पाटाकडेला ठेवल्या.

बुधवारी विळा घासून परत टांगला तो म्हणून. त्या दिवशी मी दिवसभर तुझ्याशी मनात भांडलो. एक गोष्ट तेव्हा आठवली, ती तुला सांगायचीच राहिली होती.

मी एकदा त्याला चिडवलं होतं, "मोबाईलवरचे गोरे लोक तुला शेती शिकवणार, होय?" तर तो म्हणाला, "अब्बा, त्यांनी कसली शिकवली? आईकडून बघितलीय मी. भात कापल्यावर ती खाचरात वाल टोकते, तेव्हा नांगर कुठे घालते? भाताची मुळं तशीच राहतात आणि त्यांच्यामधल्या ओलीत ती वाल घालते. मी तिच्या मागे दाणे घेऊन चालायचो. हे सगळं तेच आहे, फक्त इथे थंडी आहे."

इतकी वर्षं मी परदेशात, शेत तू केलंस, आणि तू ते कसं करतेस हे मी कधी नीट बघितलंही नाही. त्याने बघितलं. तू कापतेस आणि मुळं ठेवतेस. त्या वाफ्यात त्याने तेच करायचं ठरवलं होतं.

आज जुम्मा. पहाटे विळा पुन्हा काढला. आज परत टांगला नाही.

बिस्मिल्ला म्हणून पहिली मूठ धरली. जमिनीलगत कापायचं असतं, ओढायचं नसतं. एकही रोप मी उपटलं नाही, हे तुला शपथेवर सांगतो. मुळं सगळी आत आहेत. फुलांसकट देठ तिथेच आडवे घातले, जसं काड अंथरतात तसे. ऊन वर आलं तरी मधमाश्या कापलेल्या फुलांवर येत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं. अर्बाब येऊन बांधावर बसले, काठी मांडीवर घेऊन. आज त्यांनी जमिनीला झोपेचं काही विचारलं नाही. सगळं होईपर्यंत बसून राहिले, मग "अल्ला यरहमहू", अल्ला त्याच्यावर रहम करो, एवढंच म्हणाले आणि गेले.

मग पहिलं कलम लावायला काड बाजूला केलं. पुठ्ठा उरलाच नव्हता, मातीत जिरला होता. कुदळ लागली नाही, काठी लागली नाही. माती काळी आणि मऊ होती, आपल्या खाचरात भादव्यात असते तशी, आणि आत गांडुळं होती. माझा हात मनगटापर्यंत आपोआप आत गेला. मी तसाच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. अमीरून, ती गार नव्हती. बाहेर अजून गारठा होता, पण आत ती उबदार होती.

त्याची सगळी कलमं लावून झाली. बाकिल्याच्या कापलेल्या खुंटांमध्ये एकेक.

आता वाफा हिरवा दिसत नाही. तू फोन घेतलास आणि वाफा दाखवा म्हणालीस, तर पडलेलं पीक आणि मधे मधे लहान काड्या दिसतील. लगेच घे असं म्हणत नाही. तुझी शपथ मी मोडली आहे, तिचा राग तुझा आहे. आणि एखाद्या जुम्म्याला तुला ते दोन दगड बघायचे झाले, तर तेही दाखवीन. यापुढे एकाच्या जागी दुसरं दाखवणार नाही.

हसनभाईंकडे एक लहान पुडी दिली आहे. त्याचं थंडीतलं जाकीट दारामागे होतं, त्याच्या खिशात पेरून उरलेला बाकिला होता. पसाभरही नाही. मी एकही दाणा ठेवून घेतला नाही. भात कापून झाल्यावर वालाच्या कडेला, ओल असेल तिथे टोक. आपल्याकडच्या उष्ण हवेत होईल की नाही, ते अल्लाला ठाऊक. झाला आणि फुलावर आला, तर कापायचा की पिकू द्यायचा, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

आफरीनला दुवा. तिला हे पत्र वाचायचं असेल तर वाचू दे.

तुझा अपराधी म्हण, नाहीतर त्याचा अब्बा म्हण,
सादिक