दोन्ही हातांनी चालणारी काच

बाबा, कॉलेज सोडल्याचं सांगितलं तेव्हा तू जेवत होतास. "मंग करनार काय?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, टचस्क्रीनची काच बनवणार. दहाही बोटं एकदम ओळखणारी, बाजारातली आपल्याला परवडणार नाही म्हणून घरीच. आई रडली. तू दुसऱ्या दिवशी मिठागरावरून जुन्या फळ्या आणल्यास आणि पेटी ठोकून दिलीस.

पेटीत खाली वेबकॅम, वर अॅक्रिलिकची शीट, तिच्या कडांना टीव्हीच्या रिमोटमधले असतात तसले दिवे. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, शीटच्या आत फिरत राहतो. बोट चिकटून टेकलं की तिथून खाली सांडतो आणि कॅमेऱ्याला ठिपका दिसतो. खांदा कॉलनीतून ती यायची, जिच्यापायी मी अर्ध्या वर्गाशी मारामाऱ्या केल्या ती. तिची बोटं मऊ, जराशी घामेजलेली. तिने हात ठेवले की कॉम्प्युटरवर दहा पांढरे ठिपके. तासन्‌तास मी तिला हात ठेवायला लावायचो. एक दिवस म्हणाली, "तुला मी हवीय की माझी बोटं?" मी काहीतरी तोडून बोललो. ती परत आली नाही.

त्याच आठवड्यात तू बघायला आलास. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून, पाहुण्यांकडे निघाल्यासारखा. मी बघतोय, तू दहाही बोटं टेकवतोयस आणि एकही ठिपका उमटत नाहीये. मिठाने चिरलेली ती कातडी शीटला चिकटतच नव्हती. तू अजून दाबलंस, हसलास. "काय रं, हिला मी दिसत नाय काय?" मी निघून गेलेल्या तिच्यावरच्या रागाने पेटलेलो. ओरडलो, "तुझ्या हातांसाठी नाही बनवली!" तू दोन्ही हात मागे घेतलेस. "बरं बरं," म्हणालास आणि बाहेर गेलास. महिन्याभरात मिठागरावरच छातीत कळ येऊन संपलास.

आता मी पनवेलात मोबाइलच्या काचा बदलतो. गव्हाणकडची, मिठागरात राबलेली म्हातारी माणसं येतात, "बोट घेत नाय रं," म्हणतात. मी आवाज चढवत नाही. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो की काचेतच खोट होती, हे पत्रही तेच लिहायला घेतलं होतं. पण तसं नाही, बाबा. किती उजळ ठिपक्याला बोट मानायचं, तो आकडा प्रोग्रॅममध्ये मीच घातला होता, खांदा कॉलनीतल्या तिच्या बोटांवरून. तो जरा खाली आणला असता तर तुझी बोटं उमटली असती. दोन मिनिटांचं काम, आणि मला ते तेव्हाच, तुझ्यासमोर उभं असताना, माहीत होतं. पण ती गेल्यावर तिचं म्हणून तो आकडाच उरला होता. मला तो पुसायचा नव्हता.