हन्नाच्या जन्मानंतर पुन्हा केलेली वाटणी

मी, ताईबाई पितांबर भालेराव, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय शिवणकाम, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कान तेवढे मंद झालेत. पण पाद्रीसाहेबांचे उपदेश पाहता त्यात माझे फारसे नुकसान नाही.

याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात राहते घर मी चर्चला दिले होते. कारण असे की, माझा मुलगा रुपचंद आणि सून एस्तेर यांची दोन बाळे जन्मताच गेली. त्यानंतर घरात कोणी बाळाचे नाव काढीत नसे. एस्तेरला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी, जन्मभर गावाची झबली शिवणारी बाई, भीतीने एक टाकासुद्धा घातला नाही.

चर्चमध्ये मात्र सगळ्यांनी मुलगा ठरवून त्याचे नाव शमुवेलही ठेवले होते. मला कोणी विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात, दिवस भरायच्या आधीच एस्तेरला दवाखान्यात न्यावे लागले. रुपचंद म्हणाला, "आई, तू चर्चला जा. इथे बसून माझा धीर खचवशील." मी गेले. उपदेश अर्ध्यावर आला असताना दारात किराणावाले रतिलालशेठ उभे राहिले. टेलिफोन त्यांच्याच दुकानात आहे. शेठ जैन, चर्चची पायरी कधी चढले नव्हते. चपला हातात घेऊन ते मोठ्याने ओरडले, "ताईबाई, मुलगी झाली! दोघी खुशाल आहेत!"

हे मात्र मला नीट ऐकू आले. पाद्रीसाहेबांनी उपदेश तिथेच मिटला आणि सगळ्यांना गायला उभे केले. मुलगी झाली म्हणून लोक जास्त आनंदले की उपदेश आटोपला म्हणून, ते देव जाणे. शमुवेलाचे काय करायचे, असे कोणीतरी विचारल्यावर साहेब म्हणाले, "बायबलातसुद्धा शमुवेलाच्या आधी त्याची आई हन्ना येते." नाव तिथेच ठरले. तेव्हाही मला कोणी विचारले नाही.

सबब, राहते घर मी सून एस्तेर आणि मुलगा रुपचंद यांना समाईक देते. सुनेचे नाव आधी लिहिले आहे, ती चूक समजू नये. चर्चला माझी शेवग्याखालची मोकळी जागा द्यावी. पाद्रीसाहेबांची हरकत नाही, ते म्हणाले, "घरापेक्षा बाळ बरे, ते रविवारी येईल तरी."

शिवणयंत्र आणि मोठी कात्री हन्नाची. तिला शिवण आवडली नाही तर विकून तिने सायकल घ्यावी.

आता माझी धाकटी जाऊ पुष्पाबाई. चर्चमधल्या पंख्याखालच्या बाकावरून आमचे बोलणे बंद झाले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाळ माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले होते, अंगावर घालायला काही नव्हते. तेवढ्यात पुष्पाबाई धापा टाकत आली आणि पिशवीतून लोकरीचे स्वेटर, टोपडे, मोजे काढू लागली. मी पोटुशीकडे बघायलाही भीत होते, तेव्हा ही घरी बसून विणत होती. मी म्हटले, "तुला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "अक्का, पोर काय तुम्हनी एकलीनी शे? मनी बी नात शे ती!"

नात तिचीही होती, हे खरेच. मी तिच्या गळ्यात पडून रडले. स्वेटरची एक बाही लांब आहे, हे मी त्या दिवशी बोलले नाही. इथे लिहून ठेवते. पुष्पाबाईला माझी पैठणी आणि पंख्याखालची जागा द्यावी.

माझ्या दफनाच्या वेळी काळे कपडे नकोत. हन्नाला पुढच्या बाकावर घेऊन बसावे. ती रडली, ओरडली, हसली तरी कोणी तिला बाहेर नेऊ नये. आमच्या घरात बाळाचा आवाज यायला फार वर्षे लागली आहेत. उपदेश थांबला तरी चालेल.

हे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

ताईबाई पितांबर भालेराव

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही आणि तरी जे चहा न घेता आले:
१. रतिलाल प्रेमचंद, किराणा दुकानदार
२. सुपडू पुना वाघ, चर्चचे घंटावाले

मुक्काम पिंप्राळा, जळगाव
दिनांक ९ फेब्रुवारी १९९२