लांडग्याचं काय झालं, ते सांगू नकोस

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय टिटवे,

तू बरी असशील असं धरून लिहितेय. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही, आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. बाल्कनीचं दार फुगलं होतं, ते सुतार तासून गेला. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवीन मशीन आलंय. जुनं मशीन दातांच्या दवाखान्यासारखा आवाज करायचं, हे त्याच्याही वरताण आहे.

खरी बातमी ही, की मी तुमची ती पुस्तकं वाचतेय. हो, वारा राखणाऱ्या मुलीची. हसू नकोस. लग्न झाल्यापासून मी तुम्हा बहीणभावंडांना नावं ठेवत आले. कमावती माणसं तुम्ही, आणि मडक्यात वारे कोंडणारी एक पोर आणि तिचा एकडोळ्या लांडगा यांच्यावरून भर जेवणात भांडायचात. तुझा दादा म्हणायचा, एकदा वाचून तर बघ. मी म्हणायचे, म्हातारपणी वाचू, दोघं मिळून. मग एका रविवारी त्याचं कपाट आवरायला घेतलं, पहिला भाग हातात आला आणि तिथेच जमिनीवर फतकल मारली. कपाट अजून तसंच आहे.

तो असा का वागायचा ते आता कळतंय. पाचवा भाग तू त्याच्याआधी मिळवलास आणि फोनवर नुसतं “बिचारी म्हातारी” एवढंच म्हणालीस, आठवतं? त्याने फोन ठेवला आणि कितीतरी दिवस तुझ्याशी बोलला नाही. मला ते तेव्हा पोरकटपणाचं वाटलं होतं. आता मी त्याच्या वरताण झालेय. सगळ्या जगाचा सातवा भाग वाचून झालाय आणि मी एकटी मागे. बसमध्ये कुणाच्या मांडीवर ते जाडजूड पुस्तक दिसलं की मी उठून दुसरीकडे बसते. परवा कॉलेजची एक मुलगी फ्रेम घट्ट करून घ्यायला आली, काखेत सातवा भाग. मला राहवलं नाही, विचारलं, आवडलं का. ती म्हणाली, “काकू, शेवटी तो लांडगा ना...” आणि मी मशीन सुरू केलं. आत काच नसताना. डोळे तपासणारे डॉक्टर पडदा सारून धावत आले, काय मोडलं म्हणून.

आईंचं अगदी उलट. सुट्टीच्या दुपारी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. त्यांची अट एकच, शेवटी सगळं नीट होतं का ते आधी सांग, म्हणजे मी निवांत ऐकेन. मी म्हटलं, मलाच कुठे माहीत आहे? तर म्हणाल्या, “मग जिला माहीत आहे तिला बोलाव.” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तुझं नाव त्या घेत नाहीत. पण फोन वाजला की वाचणं थांबवायला लावतात.

सहावा भाग काल संपला. रेंगाळत वाचत होते, तरी संपला. इथपर्यंतची सगळी पानं त्याच्या हाताखालून गेलेली. कुठे कोपरा दुमडलेला, कुठे चहाचा डाग, एका ठिकाणी समासात त्याच्या अक्षरात नुसतं “अरेरे”. तो पुढे चाललाय आणि मी मागून जातेय असं वाटायचं. सातवा भाग मी आणून ठेवलाय. करकरीत कोरा. त्यात तो कुठेच नाही, आणि तिथे एकटीने जायचा मला धीर होत नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

हॉस्पिटलमधला तो दिवस. सातवा भाग यायला अजून अवकाश होता, पण शेवट आधीच फुटला होता आणि तू तो कुठूनतरी मिळवून आली होतीस. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आपल्या दोघींना ठाऊक होतं. तू खुर्ची ओढून त्याला विचारलंस, दादा, शेवट सांगू? तो नको म्हणाला. तू पुन्हा विचारलंस, तेव्हा त्याने कानात बोटं घातली, सलाईन लावलेला हातसुद्धा उचलून. बाहेर पॅसेजमध्ये तू मला म्हणालीस, तू त्याला खरं कळू दिलं नाहीस, म्हणून तो वेड्यासारखा पुस्तकाची वाट बघत बसलाय. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. तो गेला तेव्हाही तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि बोलली नाहीस.

टिटवे, त्याला माहीत होतं. मी काही सांगायच्या आधीपासून. तू जिना उतरत असशील तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, “ती रडत गेली ना? ती का सांगत होती ते कळलं मला. पण शेवट माहीत नाही तोवर अजून काहीतरी यायचंय असं वाटतं गं. तेवढं राहू दे माझ्याकडे.”

हे तुला लगेच सांगायचं होतं. तू फोन उचलत नव्हतीस, आणि पुढे पुढे ते बोलणं एकटीने जपायची मला सवय लागली. पण त्यातलं अर्धं तुझं आहे.

तू ये. सातवा भाग आपण तिघींनी मिळून वाचू. तुला शेवट माहीत आहे, पण चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस आणि आईंनी कितीही खोदून विचारलं तरी बधू नकोस. लांडग्याचं जे काय होणार असेल ते मला त्या त्या पानावर कळू दे, तू शेजारी असताना.

तुझी
वहिनी


२१ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. आईला आधी सांगू नकोस, नाहीतर ती गुडघा घेऊन फाटकात उभी राहील.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं, ते चुकलंच. शेजारच्या टेबलावरची उठून आली, विचारायला लागली, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, दादाचा निरोप आलाय.

पुस्तकातलं अवाक्षर काढणार नाही. फक्त हे ऐक. मी त्या दिवशी जो शेवट घेऊन आले होते, तो खोटा होता. कुणीतरी रचून पसरवलेला. सातवा भाग आला त्या दिवशी मी दुकानात उभ्याउभ्याच शेवटची पानं उघडली, आणि तसलं त्यात काहीच नव्हतं. तिथेच भिंतीला टेकून बसले. दादाने ऐकलं असतं तर तो ते खोटं घेऊन गेला असता. त्यानंतर तुझा फोन वाजायचा आणि मी नुसती बघत राहायचे. काय बोलणार होते?

ती शेवटची पानं सोडली तर मीही काही वाचलेलं नाही. पुस्तक मिटलं ते मिटलंच. सुरुवात आणि मधलं सगळं मलाही नवीनच आहे. तू वाच, मी ऐकेन. रोज थोडंथोडंच वाचू या, वहिनी. पुरवून पुरवून.

दादाची आणि तुझी,
धाकटी